भिंतीला ताक

माझा भाऊ खंडू जेवायला बसायचा तोसुद्धा उकिडवा. मांडी घालून निवांत बसलेलं मी त्याला कधी पाहिलंच नाही. शेवटचा घास तोंडात, हात धोतराला, आणि माणूस दाराबाहेर. आई म्हणायची, ह्याच्या बुडाखाली निखारा ठेवूनच देवानं धाडलंय ह्याला. मी त्याची थोरली बहीण, छबू. नवऱ्यानं टाकली म्हणून भावाच्या दारात राहिले, त्यामुळं त्याचं सगळं जवळून बघितलंय. आणि बघितलंय ते मी सांगणार. कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या तर झोंबू देत.

आम्ही टाकीवाले. आता गिरण्या झाल्या, पोरींना टाकी म्हणजे काय तेही ठाऊक नाही. गावोगाव फिरायचं, "टाकी लावायची का टाकीऽऽ" म्हणून गल्लीत ओरडायचं, आणि बायांची वापरून गुळगुळीत झालेली जाती, पाटे छिन्नीनं टोचून पुन्हा खरखरीत करून द्यायचे. एका गावातलं काम संपलं की पुढलं गाव. टाकी लावलेला पाटा वर्ष वर्ष चालतो, मग तिथं थांबून करणार काय? विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसलं आमचं.

त्या बिऱ्हाडात जड अशी एकच वस्तू होती, छिन्न्यांना धार लावायचा दगड. कुरुंदाचा, हातभर लांब, आणि मधोमध झिजून झिजून परातीसारखा खोल गेलेला. आज्यानं झिजवला, मग बापानं. बाप त्याला देवाच्या खालोखाल मानायचा. गाव सोडायचं ठरलं की आधी तो दगड उचलायचा, मग बाकीचं. आणि उचलायचा कुणी? छबूनं! डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दगड, आणि दगडावर वरून आईची टोपली. माझी मान अजून दुखते ती त्याच दगडापायी. बाप मरताना खंडूला म्हणाला, "पोरा, ह्यो हाय तिथं आपलं घर हाय." खंडूनं ते फारच मनावर घेतलं. म्हणजे दगड घेतला आणि घर सोडलं.

त्रेसष्ट साली आम्ही आकुर्डीला आलो. कंपन्यांची बांधकामं निघाली होती, दगडात हात चालणाऱ्या माणसाला कामाला तोटा नव्हता. तळवड्याच्या वाटेला एक बंद पडलेली खाण होती, तिच्या काठाला आम्ही तट्ट्याची झोपडी उभी केली. खंडूला एका मुकादमाकडं महिना काढवेना. आज भोसरी, उद्या चिंचवड, परवा चाकणकडं. मी आपली झोपडी धरून बसायची. त्याला ती बघवायची नाही. वर्षातनं एकदा तरी उठायचा, तट्टे सोडायचा आणि झोपडी खाणीच्या ह्या काठावरनं त्या काठावर न्यायचा. का रे बाबा? तर म्हणे, "हितलं वारं बरं हाय." अरे मेल्या, वारं काय दोन काठांना दोन असतं? पण दगड उचलायचा, पलीकडं ठेवायचा, आणि धार लावत बसायचा तेवढा वेळच काय तो बसायचा.

मग कस्तुरा आली. परांड्याकडची पोर, खंडूची बायको. बारीक अंगाची, कमी बोलणारी. मला वाटलं, हे कोकरू काय करणार ह्या वळूला? पहिल्या दोन वेळा झोपडी हलली तेव्हा ती गप्प राहिली. दोन्ही वेळा तिनं नवी चूल घातली, नवी जमीन चोपली, नवा शेवगा लावला. तिसऱ्या वेळी खंडू कामावर गेल्यावर तिनं पहार घेतली, दारासमोर खड्डा काढला, आणि तो बापाचा दगड अर्ध्याला जमिनीत पुरला. भोवतीनं खडी ठोकून बसवली. तोंड तेवढं वर. मी बघतच राहिले.

"कस्तुरे, मारील गं तो तुला!"

"मारू द्या वन्सं. दगड हलत न्हाई म्हनल्यावर मानूस कुठं जाईल?"

खंडू आला, बघितलं, थयथयाट केला. पण छिन्नी हातात होती, धार गेलेली होती. बसला आणि घासायला लागला. घासता घासता म्हणाला, "उंची बरी झाली, कंबर दुखत न्हाई." झालं! तेव्हापासून झोपडी हलली नाही.

आता भिंतीचं सांगते.

एका कंपनीच्या मोठ्या साहेबाचा नवा बंगला झाला, चिंचवडला. साहेबाच्या बाईला बागेभोवती दगडी भिंत पाहिजे होती. खंडूनं ती अशी बांधली, अशी बांधली, की सुई शिरणार नाही. दगडाची कड न् कड धारेची. बाईसाहेब आल्या, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण किती नवी दिसते! मला जुनी पाहिजे. माझ्या माहेरच्या बागेत होती तशी."

खंडूला काही कळेना. "बाईसाहेब, नवी भिंत नवीच दिसनार. तिला म्हातारी व्हायला पावसाळं खावं लागत्यात."

"मग दे ना तिला पावसाळे," बाई हसत म्हणाल्या. "तुम्हा लोकांना येतं सगळं."

येतं सगळं! घरी येऊन तो असा चरफडला की विचारू नका. आजवर लोकांनी दगड सरळ कर म्हणून सांगितलं होतं, वाकडा कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पण कस्तुरा भाकरी थापता थापता म्हणाली, "आमच्या परांड्याला ताकाचं गाडगं ठेवायच्या जागी भिंतीला शेवाळ धरायचं. आई घासून घासून दमायची." एवढंच म्हणाली. खंडूचे डोळे चमकले.

दुसऱ्या दिवसापासून दोघं लागले. खंडूनं काळीज दगडाचं करून हातोडीनं कडा मोडल्या. नवे फोडलेले निळे दगड काढून त्यांच्या जागी शेताच्या बांधावरचे उन्हानं तांबूस झालेले बसवले, आणि उन्हाची बाजू बाहेर ठेवली. गंजकं लोखंड पाण्यात भिजत घालून ते पाणी सांध्यासांध्यात सोडलं. पुढलं काम कस्तुराचं. खाणीतलं शेवाळ खरवडून आणायचं, पाट्यावर आंबट ताकात वाटायचं, थोडं शेण कालवायचं आणि केरसुणीच्या बुडख्यानं भिंतीला फासायचं. वरून गोणपाट टाकायचं, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. आणि वाट बघायची.

वाट बघायची, हे खंडूला कुणी सांगावं! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. उठला की गोणपाट उचलून बघायचा. "उगवलं का गं?" दुपारी पुन्हा. "आता?" कस्तुरा त्याच्या हातावर चापट मारायची, "आवं, अंड्यावरची कोंबडी उठवल्यावानी करू नका." आणि वास! बाईसाहेब नाकाला रुमाल लावून फिरायच्या. गावातली सगळी कुत्री ताक चाटायला भिंतीशी रांगेनं उभी. खंडू काठी घेऊन त्यांच्या मागं. त्या दिवसांत तो जेवढा पळाला तेवढा जन्मात पळाला नसेल.

पण धरलं हो! आधी नुसता हिरवा धूर बसल्यासारखं दिसलं, मग सांध्यांत मऊ मऊ गाद्या आल्या, कुठं नेचाचं पान डोकावलं. पावसाळा सरेस्तोवर त्या भिंतीकडं बघून कुणीही म्हणालं असतं, ही पेशवाईतली. मला कौतुक वाटलं. माझा भाऊ आणि भावजय दोघं मिळून एक काम पुरं करतात, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

आणि मग त्यानं माती केली. बाईसाहेबांनी पाहुणे बोलावले होते. बागेत खुर्च्या टाकून चहा चाललेला. बाई सांगत होत्या, "बंगला बांधायला आलो तेव्हा ही जुनी भिंत इथं होतीच, आम्ही तशीच ठेवली." खंडू तिथनं हत्यारं घेऊन चालला होता. चालला होता तर गुमान जावं की नाही? थांबला. म्हणाला, "न्हाई बाईसाहेब, आसं कसं? गेल्या पोळ्याच्या टायमाला मीच बांधली न्हवं का! ताक लावलंय तिला. वास घेऊन बघा."

पाहुणे हसले. बाईंचा चेहरा उतरला. खंडूचं त्या बंगल्यातलं काम त्या दिवशी सुटलं, कस्तुरा तिथंच भांडी घासायची, तिचंही सुटलं. कस्तुरानं विचारलं, "गप बसला असता तर काय जीभ झडली असती?" तर हा म्हणतो, "खोटं बोलत हुत्या की त्या." कपाळ माझं! त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, आणि खरं म्हटलं की त्याला उबळच यायची.

हे सगळं एवढं फोडून का सांगते, ते पुढं कळेल.

कस्तुरानं त्यानंतर वर्षं वर्षं एकच काम केलं. जिथं जिथं मजुरीला गेली तिथनं येताना डोक्यावर एक दगड आणला. कुणी विचारलं तर म्हणायची, "चुलीला." चुलीला कुणी एवढे दगड आणतं होय? एकोणऐंशी साली तिनं खंडूला सांगितलं, "मला भिंत बांधून द्या." तट्ट्याच्या जागी दगडाची खोली झाली आणि पुढच्या अंगणाला कंबरेएवढी भिंत. आत अळू, झेंडू, गवती चहा आणि तिसऱ्यांदा लावलेला शेवगा. संध्याकाळी त्या भिंतीवर कोपर टेकून ती उभी राहिली की राणीसारखी दिसायची. खंडू आतबाहेर करायचा. म्हणायचा, "कोंडल्यावानी हुतंय."

वर्ष नाही झालं तोवर बातमी आली. ती खाण आणि भोवतालची जागा सरकारला कशाला तरी घ्यायची होती. कंपन्या उभ्या राहिल्या तेव्हापासून जी घरं आहेत ती राहू द्यायची, मागून घुसलेली उठवायची. पावसाळा सरला की साहेब स्वतः येऊन बघणार होते. कागद आमच्याकडं नव्हता. कोण देणार तट्ट्याच्या झोपडीला कागद? आम्ही सतरा वर्षं तिथंच होतो हो, पहिल्यापासून! पण खूण काय दाखवणार? ह्या काठावरनं त्या काठावर फिरणाऱ्या झोपडीची खूण राहते होय? आणि आता जे दगडाचं होतं ते कोरं करकरीत. साहेब बघताक्षणी म्हणणार, हे कालचं आहे, उचला.

खंडूला तर आनंदच झाला. लपवायला गेला, पण मला कळतं ना. "बरं झालं," म्हणाला. "म्हाळुंग्याकडं लई काम निघनार हाय म्हनं. बांधा बिऱ्हाड. दगड मी काढतो."

कस्तुरा भिंतीला टेकून उभी होती. आवाज चढवला नाही, रडली नाही. म्हणाली, "तुमी जावा. मी आईकडं परांड्याला जाईन. चूल मोडून मोडून माझं हात मोडल्यात. ह्या वक्ती उठले तर तुमच्यासंगं न्हाई उठायची."

खंडू हसायला गेला, पण हसू आलं नाही. ती पोर बोलत नाही, आणि बोलली की करते. माझ्या भावाचा संसार त्या भिंतीवर येऊन ठेपला होता.

बराच वेळ तो इकडून तिकडं फेऱ्या घालत राहिला. मग एकदम थांबून म्हणाला, "छबे, घरात ताक हाय का?"

अस्सं लागलो आम्ही कामाला! आठवलं की अजून हसू येतं. दिवसा कामावर, संध्याकाळी भिंतीवर. खंडूनं स्वतःच्या हातानं घडवलेल्या कडा स्वतःच मोडल्या. गंजाचं पाणी झालं, शेवाळ झालं, गोणपाट झालं. मी गवळ्याकडनं आंबलेलं ताक मागून आणायची. तो विचारायचा, "मावशी, रोज एवढं ताक? कढी करता का आंघोळ?" मी म्हणायचे, "तुला काय करायचंय, मेल्या?" कुत्री आली, खंडू काठी घेऊन पळाला, गोणपाट उचलू उचलू बघितलं, कस्तुराच्या चापट्या खाल्ल्या. सगळं पहिल्यासारखंच. फरक एवढाच की ह्या वेळी बघून झाल्यावर तो गोणपाट हळूच, होतं तसंच झाकायचा.

आणि भिंत म्हातारी झाली. बाईसाहेबांच्या भिंतीहून झकास झाली. सांध्यात दुर्वा, पायाशी शेवाळाची गादी, डोक्यावर गंजाचे ओघळ. मी हात जोडले, म्हटलं, आता येऊ दे साहेबाला.

साहेब यायच्या आदल्या दिवशी कस्तुराची आई आली. कौशल्याबाई, माझी विहीण. एस्टीनं परांड्याहून, डोक्यावर ज्वारीचं गाठोडं, हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. बाई देवमाणूस, पण हाताला क्षणाची उसंत नाही. कस्तुरा घाईत होती. कामावर जाता जाता एवढंच म्हणाली, "आई, उद्या सरकारी साहेब यायचेत घर बघायला. लई मोठं काम हाय. तू आराम कर." आणि आम्ही तिघं कामावर गेलो.

घर बघायला साहेब येणार! आता तुम्हीच सांगा, असं कानावर आल्यावर कुठली आई हातावर हात ठेवून बसेल? लेकीच्या घरी पाहुणा येणार, आणि भिंतीला ही हिरवी घाण, ताकाचा आंबूस वास, माशा घोंगावतात. त्या माउलीला वाटलं, लेक राबराब राबते, घर सारवायला सवड नाही बिचारीला. तिनं पदर खोचला. काथ्या घेतला, राख घेतली, आणि भिंत घासली. अशी घासली की पितळेची परात असावी. सांध्यातल्या दुर्वा उपटून गणपतीला वाहिल्या. शेजारणीकडनं चुना मागून आणला आणि भिंतीला दोन हात दिले. वर गेरूची पट्टी ओढली. अंगणात सडा, रांगोळी. जमिनीतल्या त्या दगडालासुद्धा धुऊन पुसून हळदीकुंकू लावलं.

संध्याकाळी आम्ही वळणावर आलो आणि तिघंही थांबलो. भिंत नव्या नवरीसारखी पांढरीफेक. कौशल्याबाई दारात उभी, हाताला चुना, तोंडभर हसू. "आली का गं बाई? बघ की, कसं झालंय?"

खंडू तिच्याकडं दोन पावलं गेला. मला वाटलं आता हा सासूला काहीतरी वंगाळ बोलणार, म्हणून मी त्याचा दंड धरला. पण कस्तुरा पुढं झाली. आईचे चुन्यानं फाटलेले हात तिनं हातात घेतले. "लई छान झालंय, आई," म्हणाली. आणि मग आत जाऊन चुलीपुढं आमच्याकडं पाठ करून बसली. कौशल्याबाई मला विचारते, "काय झालं हो विहीणबाई? गेरू जास्त झाला का?" मी काय सांगू कपाळ! म्हटलं, "न्हाई हो, बेतशीर झालाय."

खंडूनं पहार घेतली. दारातला बापाचा दगड उकरायला लागला. खडी उडायला लागली. मला तर त्याचा राग यावा की कीव यावी कळेना. सुटला होता तो सगळ्यातनं, एकदाचा! ताक नाही, वाट बघणं नाही. उद्या म्हाळुंगे. तेवढ्यात कस्तुरा बाहेर आली आणि जाऊन त्या दगडावर बसली. हळदीकुंकवावरच.

"ऊठ."

"उचला की. मला बी उचला दगडासंगट. नेता का बघू."

पहार हातात तशीच. तो उभा, ती बसलेली. शेवटी त्यानं पहार टाकली आणि भिंतीच्या बाहेर जाऊन फेऱ्या घालायला लागला. अंधार पडेपर्यंत त्याच्या वहाणांचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. संगं एक शिपाई आणि एक नकाशावाला. साहेब म्हणजे तरणा पोरगा, घामाघूम, शेजारपाजारच्या खोटेपणाला वैतागलेला. आमच्याआधी ज्याच्या त्याच्या दारात त्याला सांगितलं होतं, आम्ही पहिल्यापासून. त्यानं आमच्या भिंतीकडं बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"हे तर नवंच आहे."

मी म्हटलं, "साहेब, त्रेसष्टपासून हितं हाय आमी."

"सगळे तेच म्हणतात, बाई. काहीतरी दिसायला पाहिजे ना." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता कंटाळा होता. नकाशावाल्याला म्हणाला, "नवं."

कस्तुरा शेवग्याला धरून उभी होती. तिनं डोळे मिटले.

साहेब वळला. बुटात खडा गेला होता म्हणून पाय टेकवायला दगड शोधला. दारात तो होताच. पाय ठेवला, खडा काढला, आणि पाय काढताना थांबला. हळदीकुंकू कस्तुराच्या लुगड्याला पुसल्यामुळं मधली खोल बाजू लख्ख दिसत होती. तो खाली बसला. त्या खोलगटातनं त्यानं हात फिरवला, एकदा, दोनदा. पोराचा कंटाळा कुठल्या कुठं गेला.

"हे काय आहे?"

"धार लावायचा दगड," खंडू म्हणाला.

"इतका झिजलाय? हे चार-पाच वर्षांचं काम नाही." भोवतीची जमीन त्यानं बोटानं दाबून बघितली. खंडूनं उकरलं होतं तिथं खालपर्यंत खडी, त्यात शेवग्याची मुळं गेलेली. "कुणी झिजवला हा?"

"बापानं," खंडू म्हणाला. "त्याच्या आदी आज्यानं. आता मी."

"म्हणजे तुझ्या वडिलांच्या वेळेपासून हा इथंच आहे?"

देवा! मला माझ्या भावाचं तोंड पाठ आहे. खरं सांगायची उबळ आली की त्याचा खालचा ओठ आधी हलतो. तो हलला. आता म्हणणार, "न्हाई साहेब, आसं कसं? ह्यो तर गावोगाव हिंडलाय, माझ्या बहिणीच्या डोक्यावर." बाईसाहेबांच्या बागेत जसं म्हणाला तसंच. मी मनात म्हणत होते, खंड्या, आज नको, आज जीभ चाव. आम्ही खोटे नव्हतो हो! सतरा वर्षं होतो तिथं. आमचं खरं दिसत नव्हतं, आणि जे दिसत होतं ते खरं नव्हतं. पण हे त्या पोराला कोण समजावणार?

खंडूनं कस्तुराकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. शेवग्याला धरून खाली बघत होती, आणि तिच्या गालावरनं पाणी ओघळत होतं.

खंडूनं ओठ मिटले. चार पावलं पुढं आला, आणि त्या दगडावर बसला. उकिडवा नाही. चांगली मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, साहेबाच्या तोंडाकडं बघत गप्प बसला.

साहेबाला काय वाटलं ते त्याचं त्याला ठाऊक. त्यानं मान हलवली. नकाशावाल्याला म्हणाला, "खोड ते. जुनं. हे राहतील." आणि पुढच्या दाराला गेला.

मग कौशल्याबाई आतनं आली, पदराला हात पुसत. "झालं का काम? बघा, मी म्हनत न्हवते? चुना लावला की घराला कळा येती. सायबाच्या डोळ्यात भरलं की न्हाई!" मला हसू फुटलं, कस्तुरालाही फुटलं, आणि हसता हसता ती पोर हमसून हमसून रडायला लागली. आईनं तिला कुशीत घेतलं. तिला वाटलं, लेक आनंदानं रडतेय. तसं खोटं काय होतं त्यात?

खंडू दगडावरच होता. मी चहा घेऊन गेले. घेईना.

"छबे," म्हणाला, "आता ह्यो दगड हलवता यायचा न्हाई गं."

"न्हाई."

"लोकं बघत्यात. सायबानं हात लावून बघितलाय. म्हाळुंग्याला न्यायचा म्हनलं तरी..."

"न्हाई, खंडू. कदीच न्हाई."

त्यानं मान डोलावली. बापानं सांगितलेलं त्याला त्या दिवशी कळलं असावं, आणि कळल्याचा त्याला काही आनंद झालेला दिसला नाही. माझा भाऊ रडत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि कस्तुराचं फार बरं वाटलं, दोन्ही एकदमच. मी चहाचा पेला त्याच्या बाजूला ठेवला. त्यानं खिशातनं छिन्नी काढली, पेल्यातला चहाच दगडावर ओतला, आणि घासायला लागला. धार आधीच होती तिला. तरी घासत बसला.